चांदणी उठेपर्यंत

धाकूदादा बाहेरून आला की फाटकापाशी थांबून खाकरत असे. एकदा तबेल्याकडे तोंड करून, एकदा खुराड्याकडे तोंड करून. मग आत यायचा. "न कळवता जनावराच्या अंगावर जाऊ नये," असे त्याचे म्हणणे. "आपल्या दारात कुणी मुकाट येऊन उभा रायला तर आपण दचकतोच ना?" काशीवहिनी, म्हणजे त्याची बायको, चुलीपुढून ओरडायची, "आले! घोडीना कळलं, कोंबड्यांना कळलं, कुत्र्याला कळलं. आता बायकोला कोणतरी सांगा रे!"

मी त्या घराच्या पडवीतल्या खोलीत चार पावसाळे काढले. गोष्ट १९३० च्या मागच्या-पुढच्या वर्षांची. मी नुकताच बी. ए. होऊन रत्नागिरीच्या एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. मंडणगडाकडच्या आमच्या वाडीत माझ्या आधी कुणी इंग्रजी शाळेची पायरी चढले नव्हते. पदवी मिळाल्याचे सांगितले तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, "मग आता शिकायचं संपलं, की अजून काय उरलंय?" गावात खोली शोधताना लोक प्रथम आडनाव विचारीत, मग गाव विचारीत, आणि मग खोली कालच दुसऱ्याला दिल्याचे त्यांना आठवे. कुणीतरी म्हणाले, वर सड्यावर, कातळाच्या माळावर, धाकू साईसाकडे बघा.

धाकूने मला एकच प्रश्न विचारला. "रात्री कुत्रा अंगाशी येऊन झोपला तर चालंल?"

मी चालेल म्हणालो. "मग आना वळकटी," तो म्हणाला. वळकटी उलगडली त्याच दिवशी शिपाई त्यावर येऊन बसला. शिपाई हा कुत्रा. तांबडा, अंगाने बारीक, एक कान कधीतरी भांडणात फाटलेला. पगार हाती येईपर्यंतचे दोन महिने काशीवहिनीने मला नाचणीची भाकरी आणि सुक्या बांगड्याचे तिखले आपल्याच पंगतीला बसवून वाढले. मी संकोच केला की ती म्हणायची, "खावा हो. हटं कोंबडी घोड्याना पोसते, घोडे आमाना पोसतात. तुमी आमच्यापेक्षा जड हाव काय?"

तिचे म्हणणे निम्मे तरी खरे होते. शहराच्या वरच्या अंगाला, जिथे काळा कातळ सुरू होतो, तिथे जांभ्या दगडाच्या गडग्याने वेढलेली त्यांची जमीन होती. भाताची दोन खाचरे, आठ-दहा काजू, पावसात तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, मांडव, गवताने शाकारलेले घर आणि घरापेक्षा चांगला बांधलेला तबेला. तबेल्यात दोन घोड्या. लाली टांग्याला जुंपायची. मोटारी सुरू झाल्यापासून बंदरावरून गावात येणारे उतारू टांग्याकडे बघेनासे झाले होते, त्यामुळे लालीची कमाई तिच्या चंदीला जेमतेम पुरे. उरलेला संसार अंड्यांवर चाले.

कोंबड्यांना धाकूने सरकारी नावे ठेवली होती. जी सर्वांत जाड आणि तुरेबाज, ती मामलेदारीण. जी दिवसभर उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे, ती सर्कलीण. एक कोंबडी इतरांचे दाणे हिसकावून खाई, ती तलाठीण. एकदा खरोखरीच्या मामलेदारांचा पट्टेवाला अंडी न्यायला आला आणि खुराड्याकडे जाऊ लागला. धाकू तबेल्यातूनच ओरडला, "अरे, जवळ जाव नको! मामलेदारीण तापलीय!"

पट्टेवाला जागच्या जागी उभा. "कोण तापलीय?"

"मामलेदारीण. दोन दिस बसलीय, उठायचं नाव घेत नाय. कुणी जवळ गेला की चोच मारते."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत कचेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी धाकूला बोलावणे आले. काशीवहिनी घाबरून गेली. धाकू धुतलेला सदरा घालून गेला आणि तासाभराने हसत परत आला. "काय झालं?" तिने विचारले. "काय व्हायचं? नाव बदल म्हणाले. मी म्हटलं, सायब, आत्ता बदलतो. पण मग ती हाकेला येईल काय?" मामलेदार मनाचा मोठा असावा. अंडी आमच्याकडूनच जात राहिली, आणि मामलेदारीण म्हातारी होऊन आपल्या मरणाने मेली.

घरची कोंबडी धाकू कधी खात नसे. दुसऱ्याच्या घरी मात्र ताट भरून खाई. मी एकदा हा काय प्रकार म्हणून विचारले तर म्हणाला, "वळखीच्याला कसं खायाचं, मास्तर?"

दुसरी घोडी चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, उंच, म्हातारी. ती कोणतेही काम करीत नसे आणि लालीपेक्षा तिची बडदास्त जास्त होती. तिची हकीकत धाकूने मला टप्प्याटप्प्याने सांगितली. तो एका गोऱ्या साहेबाकडे साईस होता, घोड्यांची निगा राखायला. साहेब विलायतेला परत जायला निघाला तेव्हा त्याने सामान विकले, पण घोडी विकेना. आपल्या माघारी ती टांग्याला जुंपली जाईल, चाबूक खाईल, त्यापेक्षा गोळी घालून जाऊ, असे त्याने ठरविले. बंदूकही बाहेर काढली. धाकू घोडीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"मी म्हटलं, सायब, टांग्याला जुंपायचं म्हणून गोळी घालायची, तर मना पण घाला. मी पण जुंपलेलाच हाय. मना खटं कोण गोळी घालतो?"

"मग साहेब काय म्हणाला?"

"त्येला मराठी निम्मं समजलं. पण घोडी दिलान. एक वचन घेतलान, हिला कदी टांग्याला लावायची नाय. मी म्हटलं, नाय लावणार."

हे वचन घेणारा सातासमुद्रापार गेला, पुढे तो जिवंत होता की नव्हता कोण जाणे. लाली लंगडत असली म्हणजे टांगा बंद राही, घरात चहाला गूळ नसे, पण चांदणीच्या अंगावर धाकूने कधी टांग्याचा साज चढवला नाही. काशीवहिनी चिडली की म्हणायची, "सवत परवडली असती. सवतीनं भांडी तरी घासली असती." आणि हे म्हणत म्हणत तीच चांदणीपुढे भाताची पेज नेऊन ठेवायची.

आता जे सांगायचे ते सांगायला मला बरे वाटत नाही. पण धाकूदादाची आठवण काढायची आणि तेवढे गाळायचे, तर मी दुसऱ्याच कुणाची तरी आठवण सांगितल्यासारखे होईल.

आषाढ सरत आला की त्या भागात राखण देतात. जमिनीला एक राखणदार असतो, तो अदृश्य असतो, गुराढोरांवर आणि पिकावर नजर ठेवतो, आणि वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा असतो. गडग्याच्या कोपऱ्यावर गाऱ्हाणे घालायचे, कोंबडा कापायचा, तिथेच शिजवून भाकरीबरोबर खायचा. घरात न्यायचा नाही. धाकू कोंबडा द्यायचा, पण सुरी शेजारचा गोपाळ चालवायचा. तेवढा वेळ धाकू घोड्या घेऊन सड्यावर निघून जाई. मी सांगतो त्या वर्षी दोन्ही घरांची राखण एकाच दिवशी झाली. शेजारपाजारची माणसे जेवली, आणि हाडे कुत्र्यांपुढे टाकली.

त्याच्या आधी काही आठवडे एक कोल्हा दिवसाढवळ्या खाचरात उतरला होता. त्याची आणि शिपाईची जुंपली. गोपाळने काठी घालून कोल्ह्याला लोळवले. शिपाईच्या मानेवर एक ओरखडा आला होता, त्यावर धाकूने हळद दाबली आणि तो बरा झाला. त्या गोष्टीचा पुढे सगळ्यांना विसर पडला.

राखणीनंतर दोन-तीन दिवसांनी शिपाई खाईना. एका कोपऱ्यात बसून राहू लागला. जबडा लोंबता, तोंडातून लाळेची तार, आणि घशातून बसका, घोगरा आवाज. ज्याने त्याने बघितले तो एकच बोलला, राखणीच्या कोंबड्याचे हाड अडकले. दुसरे काही कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. दरवर्षी एखाद्या तरी कुत्र्याचे तसे होई, आणि दरवर्षी धाकूच ते हाड काढून देई. साऱ्या वाडीची कुत्री त्याच्याकडे त्यासाठी आणीत.

धाकू पडवीत उकिडवा बसला. शिपाईचे डोके त्याने मांडीवर घेतले आणि उजवा हात मनगटापर्यंत त्याच्या तोंडात घातला. लावणीचे दिवस. चिखलपाण्याने त्याची बोटे भेगाळलेली होती. कुत्रा हलला नाही. मालकाकडे वर बघत राहिला. धाकू चाचपत होता आणि त्याच्याशी बोलत होता, "थांब हां बाबा. थांब. मिळंल आत्ता." पण हाड मिळाले नाही. शेवटी हात बाहेर काढून तो म्हणाला, "खाली उतरलं वाटतं." हात त्याने पडवीच्या पागोळीखाली धुतला.

दुसऱ्या दिवशी शिपाई तबेल्याच्या कोपऱ्यात मरून पडलेला मिळाला. धाकूने त्याला काजूखाली पुरले.

शाळेत मधल्या सुट्टीत मी ही हकीकत सहज सांगितली. आमचे हेडमास्तर पान जुळवीत होते, त्यांचा हात थांबला. "जबडा लोंबत होता? आणि तो माणूस हात घालून बसला?" मी होय म्हणालो. "अहो, पिसाळलेलं कुत्रं दर वेळी धावून येतं असं नाही. काही नुसती मुकी होतात. उठा. त्याला डॉक्टरकडे न्या."

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी धाकूचा हात उलटसुलट करून बघितला आणि स्पष्ट सांगितले, पोटात सुया टोचून घ्याव्या लागतील. ती लस इथे नाही. मुंबईला जा, आणि लगेच जा. पावसामुळे आगबोटी बंद होत्या. मोटारीने घाट चढून कोल्हापूर, तिथून आगगाडी.

धाकू अदबीने ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पण सायब, शिपाय चावला नाय."

"चावला नसेल. लाळ लागली ना?"

"हात मीच घातला. त्यानं तर तोंड उघडं धरून ठेवलान माज्यासाठी. चावला असता तर मी आजच्या आज गेलो असतो. पण न चावता त्येला चावला म्हणायचं, म्हणजे मेलेल्यावर आळ घेणं झालं."

डॉक्टर चिडले. मीही रस्त्यात त्याला पुष्कळ समजावले. घरी येईपर्यंत तो निम्मा वळला होता, असे मला अजून वाटते. पण फाटकातच काशीवहिनी रडत उभी. चांदणी कातळावर घसरून पडली होती. गोपाळने आणि तिने मिळून तिला तबेल्यापर्यंत ओढत आणले होते, पण आत आल्यावर ती जी बसली ती उठेना.

म्हातारी घोडी पावसाळ्यात बसली की संपली. धाकूने पोत्यांचा झोळ शिवला, तो तिच्या पोटाखालून घेऊन दोर आढ्याला बांधले आणि रोज थोडे थोडे करून तिला उचलून धरू लागला. या कुशीवरून त्या कुशीवर करायचे, पाय चोळायचे, जखमा धुवायच्या. मुंबईचे नाव काढले की एकच उत्तर येई, "चांदणी उठली की जातो."

काशीवहिनीने मग देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगावर फुले लावली, उजवे फूल लगेच पडले. जा, असा देवाने कौल दिला. ती धावत घरी आली. धाकू घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसला होता.

"देवाचं काय जातं सांगायला?" तो म्हणाला. "त्याच्या दारात घोडी बसलेली नाय."

"तुमाला माजी काय पडलीय?" ती रडत ओरडली. "घोडीचे पाय चोळा! उद्या मी कुनाच्या पायाशी बसू?"

एवढे ऐकून त्याने घोडीचा पाय मांडीवरून खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जायला तयार झाला. घोडीचे कसे करायचे ते त्याने मला आणि गोपाळला समजावून सांगितले. माझ्या ओळखीच्या एका गिरणीकामगाराचा पत्ता त्याच्या टोपीत ठेवला. काशीवहिनीने भाकऱ्या बांधून दिल्या. मोटार सुटली तेव्हा मी अड्ड्यावर होतो. तो खिडकीत बसला होता, हात करायचे विसरून बाहेर बघत.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास फाटकाशी खाकरल्याचा आवाज आला. मी पडवीत वह्या तपासत होतो. उठून बघतो तो धाकू, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. तो वाटेत हातखंब्याच्या थांब्यावरच उतरला होता आणि तिथून पावसात चालत आला होता.

"डाव्या कुशीवर ठेव नका तिला," तो म्हणाला. "तटं जखम आतनं पिकलीय. ह्ये सांगायचं रायलं."

काशीवहिनी दारात येऊन नुसती बघत राहिली. तेवढ्यात तबेल्यातून धडपडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. चांदणी झोळात पुढचे पाय रोवून उभी राहात होती. थरथरत, मान खाली घालून, पण आपल्या पायांवर. धाकू तिच्या मानेला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. मग गोपाळ हसू लागला, काशीवहिनी हसू लागली, कुणीतरी गूळ आणला. त्या संध्याकाळी आणि पुढे कितीतरी दिवस त्या घरात मुंबईचा विषय निघाला नाही. हेडमास्तर विचारीत, डॉक्टर एकदा वाटेत भेटले तेव्हा त्यांनीही विचारले. मी निरोप आणून पोचवी. धाकू दोन्ही हात पुढे करून दाखवी, "बगा की. मेलो काय?"

भात कापून झाले. दिवाळी झाली. समुद्र निवळला, आगबोटी सुरू झाल्या. चांदणी लंगडत का होईना, सड्यावर चरायला जाऊ लागली. काशीवहिनीने राखणदाराला एक कोंबडा जास्तीचा कबूल केला. मलाही वाटू लागले की हेडमास्तरांचे आणि डॉक्टरांचे चुकले असावे.

थंडी पडू लागली तेव्हा एकदा धाकू म्हणाला, उजव्या हाताला मुंग्या येतात. काशीवहिनीने तेल चोळले. दोन दिवसांनी सकाळी आम्ही चहा घेत होतो. त्याने पेला तोंडाशी नेला आणि त्याचा घसा असा काही आवळला की पेला हातून सुटला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या पाण्याच्या हंड्याकडे गेली आणि त्याने तोंड फिरवले.

मग तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काशे, माज्या ताटाला, पेल्याला आजपासून कुणी हात लावायचा नाय."

तो उठून तबेल्यात गेला. लालीला बाहेर काढून तिचा दोर गोपाळच्या हातात दिला. चांदणीला काजूला बांधले. तबेला झाडून घेतला, कोरडे गवत पसरले, आणि आत जाऊन खालचे अर्धे दार ओढून घेतले. मला म्हणाला, "मास्तर, भायेरनं अडसर घाला." काशीवहिनी दाराला धरून उभी होती. मी आत येणार, असे ती पुनःपुन्हा म्हणत होती. तो आतून म्हणाला, "तू हटं आलीस तर कोंबड्या कोण कोंडील? जा. मुंगूस फिरतोय."

डॉक्टर येऊन गेले. करण्यासारखे काही नव्हते. झोपेचे औषध त्यांनी दिले, तेही घशाखाली उतरेना. मधून मधून त्याला झटके येत, ते बघवत नसत. झटका ओसरला की तो अगदी शहाण्यासारखा बोले. लालीचा नाल सैल झाला आहे, बदलून घ्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदणीने हिसके देऊन दोर सोडवला. ती लंगडत तबेल्याकडे आली आणि रोजच्या सवयीने अर्ध्या दारावरून मान आत घातली. धाकू भिंतीला पाठ लावून बसला होता. तो सरकत सरकत कोपऱ्यात गेला. "जा!" तो ओरडला. "जा म्हणतो ना!" आवाज फाटला होता, त्याचा राहिला नव्हता. घोडीने कान टवकारले आणि मान आणखी पुढे केली.

भिंतीतून निखळलेले जांभ्याचे खडे तिथे पडले होते. त्याने एक उचलून मारला. तो तिच्या गालफडावर बसला. ती दचकून मागे सरली, पण थोड्या वेळाने पुन्हा आली. त्याने पुन्हा मारला. मी दोर धरून तिला ओढत होतो, ती हलत नव्हती. चार खडे खाल्ल्यावर ती माघारी गेली, ती खडा पोचणार नाही इतक्याच अंतरावर, आणि तिथे तोंड तबेल्याकडे करून उभी राहिली.

"मास्तर," धाकू आतून म्हणाला, "वरचं दार पण लावा. मी दिसतोय तंवर ती जायाची नाय."

मी वरचे दार ओढून घेतले. मिटता मिटता फटीतून त्याचा हात दिसला. त्याने आणखी एक खडा उचलून ठेवला होता.